अंगणातलं दहा रुपयांएवढं फुलपाखरू

कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि लोकलच्या गर्दीत काही ऐकू येत नाही म्हणून हा मजकूर वाचणाऱ्यांनाही नमस्कार.

आजचा भाग माझ्या एका चुकीबद्दल आहे. मागच्या वर्षी मी एका फुलपाखराला चुकीचं नाव दिलं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? फुलपाखराला थोडंच वाईट वाटणार आहे? बरोबर. पण त्या चुकीच्या नावाच्या भरवशावर मी आमच्या अर्ध्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. ते कसं झालं, ते पहिल्यापासून सांगते.

माझं गाव गडब. पेण तालुका, रायगड जिल्हा. मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालात की लागतं. एका बाजूला भातशेती, पलीकडे खाडीकडची खारी जमीन, आणि रात्री डोलवीच्या पोलाद कारखान्याचा उजेड आभाळात दिसतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आठवड्यातले दोन दिवस ऑफिस, बाकी दिवस घरच्या ओटीवर लॅपटॉप. त्यामुळे कॉल म्यूटवर टाकून अंगणाकडे बघत बसायला मला भरपूर वेळ मिळतो. हे माझ्या मॅनेजरने ऐकलं नाही तर बरं!

मागच्या पावसात आजी अंगणात घसरली. तुळशीजवळ शेवाळ धरलं होतं, पाय सरकला आणि मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. ऐन लावणीच्या दिवसांत घरात बसावं लागलं म्हणून ती आमच्या सगळ्यांवर रागावलेली. तेव्हाच मी ठरवलं की पाऊस संपला की अंगणात ब्लॉक बसवायचे. पैसे मी देणार होते, त्यामुळे निर्णयही माझाच.

ऑक्टोबरात ठेकेदार माप घ्यायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी अंगणात ती छोटी निळी फुलपाखरं दिसली. लहानपणापासून बघत आलेय, पण नीट कधी बघितलीच नव्हती. पंख पसरले तर साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढी. उडताना फिकट निळी चमक दिसते, आणि बसलं की पंख मिटून घेतं आणि राखाडी होतं. म्हणजे उडताना जे दिसतं ते बसल्यावर डोळ्यांसमोरून गायबच होतं.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू जाहीर केलं, ते तुम्हाला माहीत असेल. तळहाताएवढं, काळं-निळं, बघताक्षणी ओळखू येणारं. त्याचं पोस्टर होतं. आमच्या अंगणातल्याचं पोस्टर कोण छापणार?

मी मोबाइल काढला, उभ्यानेच वरून एक फोटो काढला आणि आयनॅचरलिस्ट अॅपमध्ये टाकला. अॅपने तीन-चार नावं सुचवली. पहिलं होतं लेसर ग्रास ब्लू. मी त्यावर बोट ठेवलं आणि विषय संपवला.

मग थोडं वाचलं. लेसर ग्रास ब्लूच्या अळ्या लाजाळूवर आणि शेंगाकुळातल्या रानटी झुडपांवर वाढतात. म्हटलं, झालं काम! लाजाळू तर आमच्या प्रत्येक बांधावर आहे. अंगणात मात्र एकही नाही. म्हणजे ही मंडळी बांधावरून नुसती फिरायला येतात. अंगण बंद केलं तरी त्यांचं काही अडत नाही. मन शांत झालं. नोव्हेंबरात फाटकापासून ओटीपर्यंतचं अर्धं अंगण ब्लॉकने झाकलं गेलं. तुळस आणि मोरीकडचा उरलेला भाग नंतर करायचा होता, कारण ठेकेदाराला लग्नसराईतली कामं आली.

डिसेंबरमध्ये माझ्या फोटोखाली कुणा अनोळखी माणसाने एक प्रश्न लिहिला. फक्त एवढंच की, पंख मिटलेला, खालच्या बाजूचा फोटो आहे का, आणि पुढच्या पंखाच्या मधल्या कप्प्यात ठिपका आहे का.

मला प्रश्नच कळला नाही. मधला कप्पा म्हणजे काय?

तर ऐका, कारण याच एका गोष्टीवर सगळं फिरलं. फुलपाखराचा पंख म्हणजे पतंग समजा, आणि त्याच्या नसा म्हणजे पतंगाच्या काड्या. पंख जिथे अंगाला जोडलेला असतो तिथून निघून पंखाच्या साधारण मध्यापर्यंत जाणारा, चारही बाजूंनी नसांनी बंद झालेला एक लांबट कप्पा असतो. या कप्प्याच्या टोकाला एक आडवी बारीक रेघ असते. तिला ठिपका समजायचं नाही. तिच्या आत, अंगाच्या बाजूला, आणखी एक वेगळा ठिपका आहे का, ते बघायचं.

आपल्याकडे गवतात दिसणारी ग्रास ब्लू म्हणवणारी चार फुलपाखरं आहेत. चौघंही लहान, चौघंही निळसर, चौघंही खालून राखाडी आणि ठिपकेवाली. त्यांची ओळख अशी.

पहिलं लेसर ग्रास ब्लू. पुढच्या पंखाच्या मधल्या कप्प्यात ठिपका नाही. मागच्या पंखावर ठिपक्यांची जी कमान असते, तिच्यात वरचा एक ठिपका रांग सोडून आत सरकलेला असतो. शाळेच्या प्रार्थनेत एक पोरगा नेहमी रांगेबाहेर असतो ना, तसा.

दुसरं टायनी ग्रास ब्लू, म्हणजे चौघांतलं चिमुकलं. एक रुपयाचं नाणं ठेवलं तर बहुतेक झाकलं जाईल. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेवर त्याला जास्तीचे बारीक ठिपके असतात. अडुळशाच्या कुळातल्या झाडांच्या कळ्या-फुलांवर त्याच्या अळ्या वाढतात. पाणथळ जागचा काटेरी तालिमखाना त्याच कुळातला.

तिसरं डार्क ग्रास ब्लू. मधल्या कप्प्यात ठिपका आहे, आणि नराचे पंख वरून गडद जांभळट निळे. याच्या अळ्यांना माठ आणि सराटे चालतात.

चौथं पेल ग्रास ब्लू. मधल्या कप्प्यात ठिपका आहे, मागच्या पंखावरची कमान नीटस, आणि नर वरून फिकट, चंदेरी निळा. मादी वरून बरीच तपकिरी. शास्त्रीय नावातला जातीचा शब्द आहे ‘माहा’.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात पोटावर झोपून फोटो काढत होते. आजी ओटीवरून म्हणाली, “काय बगतंस गं बाय? पैसा हरवला काय?” मी म्हटलं, “ठिपका शोधतेय.” तिने आईला हाक मारून सांगितलं की पोरीला ऑफिसचं काम जास्त झालंय.

आठ-दहा फोटोंतला एक नीट आला. झूम केला. रेघेच्या आत ठिपका. मागची कमान नीटस. म्हणजे लेसर नाहीच! आणि वरचा रंग फिकट चंदेरी, म्हणजे पेल ग्रास ब्लू.

इथे अॅपला शिव्या घालणं सोपं आहे, पण मी स्वतः सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे खरं काय ते सांगते. अॅपने फक्त सुचवलं होतं, तेही तीन-चार नावं एकाखाली एक. मी दाखवला तो फोटो वरून काढलेला, थोडा हललेला. ज्या ठिपक्यावर निर्णय अवलंबून आहे तो त्या फोटोत दिसतच नव्हता. जी माहिती आत गेलीच नाही, ती बाहेर कुठून येणार? चूक पहिल्या नावावर बोट ठेवणाऱ्या माणसाची होती. शिवाय एक फोटो म्हणजे पुरावा झाला, हेही मीच धरून चालले.

पण खरा धक्का पुढे होता. पेल ग्रास ब्लूची अळी काय खाते ते बघितलं. आंबुशी.

आंबुशी तुम्हाला माहीत आहेच. तीन बदामी पानं, छोटी पिवळी फुलं, जमिनीलगत पसरणारी. लहानपणी शाळेच्या मैदानात पानं तोडून खायचो, जीभ आंबट करणारी. लोक तण म्हणून उपटून टाकतात. आणि आमच्याकडे आंबुशी कुठे आहे? अंगणात. जिथे ब्लॉक बसवले तिथे होती, आणि आता राहिली होती ती तुळशीजवळ आणि मोरीच्या पाण्याच्या वाटेवर. म्हणजे ती फुलपाखरं फिरायला येत नव्हती. ती तिथेच जन्मत होती. मी पाहुणे समजले ते घरचे निघाले.

मग जानेवारीपासून रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी मोरीजवळ बसायला लागले. तिथे जे बघितलं ते सांगते.

ही फुलपाखरं उशिरा उठतात. ऊन अंगणात उतरेपर्यंत गवताच्या काडीला चिकटून असतात. ऊन लागलं की पंख अर्धवट उघडून अंग शेकतात. गरम झाली की उडतात, पण कशी, तर जमिनीपासून वीतभर, फार तर गुडघ्याएवढी. ढग आला की लगेच खाली. नर सारखे फेऱ्या मारतात आणि दुसरा नर दिसला की दोघं गिरक्या घेत थोडे वर जातात आणि परत खाली येतात. मोरीकडच्या ओल्या मातीवरही बसतात. सोंड मातीत रुतवून पाणी ओढतात, त्यातून त्यांना क्षार मिळतात. मध प्यायला आंबुशीचीच फुलं, नाहीतर एकदांडीची. आणि बसल्यावर मागचे दोन पंख एकमेकांवर हळूहळू घासतात, जसे आपण थंडीत हात चोळतो.

मादी वेगळी ओळखू येते, कारण ती भटकत नाही. ती आंबुशीभोवतीच घोटाळते. पानावर बसते, पोटाचं टोक वाकवून पानाच्या खाली नेते, क्षणभर थांबते, उडते. तिथे पान उलटून बघितलं तर मिठाच्या कणाहून लहान, चपटं, फिकट हिरवट अंडं. भिंग नसेल तर मोबाइलची मॅक्रो लेन्स लागते.

अळी मात्र मला दोन आठवडे सापडली नाही. हिरवी, चपटी, पायही दिसत नाहीत अशी. शेवटी ती सापडली मुंग्यांमुळे. आंबुशीच्या एकाच पानाभोवती मुंग्या घुटमळत होत्या. नीट बघितलं तर मध्ये अळी. या कुळातल्या बऱ्याच अळ्यांच्या पाठीवर शेवटाकडे एक ग्रंथी असते, तिच्यातून गोड थेंब येतो. मुंग्या तो पितात आणि अळीजवळ राहतात. मुंग्या जवळ असल्या की अळी खाणारे बाकीचे किडे लांब राहतात. तेव्हापासून मी अळी शोधत नाही, मुंग्या शोधते. आणखी एक खूण म्हणजे लहान अळी पानाचा हिरवा भाग खरवडून खाते आणि पातळ पापुद्रा तसाच ठेवते. पानाला जणू खिडक्या पडतात. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळं मिळून साधारण महिनाभर लागतो.

मार्चपर्यंत एक गोष्ट लक्षात आली. बांधावरचं गवत वाळून पिवळं झालं होतं. तिथली आंबुशी सुकून गेली होती. पण मोरीच्या पाण्यावर अंगणातली आंबुशी हिरवीगार होती. भांड्यांचं पाणी, तुळशीचं पाणी, आजीच्या पाय धुण्याचं पाणी. म्हणजे आमच्या घराच्या आसपास उन्हाळ्यात या फुलपाखरांना अळ्या वाढवायला मला दिसलेली ही एकच हिरवी जागा होती. आणि नेमकी तीच मी लग्नसराई संपल्यावर बंद करणार होते.

अजून एक घोळ सांगून टाकते, कारण तुमचाही होईल. पावसाळ्यात जन्मलेलं आणि कोरड्या दिवसांत जन्मलेलं पेल ग्रास ब्लू सारखं दिसत नाही. पावसाळ्यातल्याची पंखांची काळी किनार रुंद आणि ठिपके ठसठशीत. कोरड्या ऋतूतल्याची किनार अगदी बारीक आणि खालचे ठिपके फिके, वाळलेल्या गवतात मिसळून जाणारे. जुलैचा आणि फेब्रुवारीचा फोटो शेजारी ठेवला तर दोन वेगळ्या जाती वाटतील. म्हणून रंगाच्या आधी ठिपक्यांच्या जागा बघायच्या. रंग बदलतो, ठिपक्याची जागा सहसा बदलत नाही.

तुम्हाला वाटेल, एवढ्या साध्या, सगळीकडे दिसणाऱ्या जीवात बघण्यासारखं काय? तर दोन गोष्टी सांगते. एक आपल्याच जिल्ह्यातली. १९३० मध्ये सलीम अली अलिबागजवळच्या किहीमला राहत होते आणि त्यांनी घराजवळच्या झाडावरची सुगरणीची घरटी रोज बघायला सुरुवात केली. सुगरण काही दुर्मीळ नाही. पण नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन ते पसंत करते, मग तो ते पूर्ण करतो आणि पुढच्या मादीसाठी दुसरं बांधायला घेतो, हे त्यांनी तिथे बसून टिपलं. त्यांचं नाव झालं त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

दुसरी गोष्ट जपानची. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात झाला. किरणोत्साराचा सजीवांवर काय परिणाम होतो ते बघायला ओकिनावाच्या र्यूक्यू विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी कोणता प्राणी निवडला? हाच. पेल ग्रास ब्लू. कारण तो माणसांच्या वस्तीत राहतो, सगळीकडे सापडतो, आणि तिथे त्याची अळी आंबुशीच खाते. त्यांना पंखांत आणि डोळ्यांत व्यंगं असलेली फुलपाखरं मिळाली, आणि २०१२ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. त्याच्या निष्कर्षांवर पुढे बरीच चर्चा आणि टीकाही झाली. मला त्यातलं भावलं ते एवढंच की, जो जीव अंगणात राहतो तो अंगणाचं काय झालं ते सांगू शकतो. आमच्याही अंगणाबद्दल तो सांगतच होता, मी त्याचं नाव चुकवलं म्हणून ऐकू आलं नाही.

मग अंगणाचं काय केलं? एप्रिलमध्ये ठेकेदाराचा फोन आला. मी म्हटलं, उरलेलं काम नको. बाबा चिडले. “ब्लॉक आणून पडलेत. पावसात परत चिखल, परत शेवाळ. आईचं हाड परत मोडलं तर तुझं फुलपाखरू येणार काय दवाखान्यात?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजीचं मनगट खरं होतं. मी हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतंच.

शेवटी आजीलाच विचारलं की तू अंगणात नेमकी कुठून कुठे जातेस. तिने बोटाने दाखवलं. ओटीवरून तुळस, तुळशीवरून मोरी, मोरीवरून परत. बस. म्हणजे घसरायची जागा एक वाट होती, सगळं अंगण नव्हतं. त्या वाटेवर दीड हात रुंदीचे ब्लॉक बसवले, मोरीजवळ धरायला पाइप लावला. बाकीची माती तशीच ठेवली. उरलेले ब्लॉक घरामागे रचलेत, बाबा रोज त्यांच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे.

आधी झाकलेल्या अर्ध्या अंगणामुळे फुलपाखरं कमी झाली का? मला सांगता येणार नाही. कारण आधी किती होती ते मी मोजलंच नव्हतं. कामावर आम्ही कुठलाही बदल करण्याआधी आकडे घेऊन ठेवतो, आणि घरी मात्र सरळ ब्लॉक टाकले. आता दर रविवारी सकाळी दहा वाजता पंधरा मिनिटं मोजते आणि वहीत लिहिते. गेल्या रविवारी सात होती.

तुम्हाला करायचं असेल तर फार काही लागत नाही. फोटो काढताना गुडघ्यावर बसा आणि पंख मिटलेला, खालच्या बाजूचा एक तरी फोटो घ्या. ते कुठल्या झाडाभोवती घोटाळतंय ते लिहा, त्या झाडाचाही फोटो काढा. एकाच वेळी ओळख पटली नाही तर ‘ग्रास ब्लू’ एवढंच लिहून थांबा. अर्धं बरोबर नाव पुऱ्या चुकीच्या नावापेक्षा बरं. बटरफ्लाइज ऑफ इंडिया या संकेतस्थळावर प्रत्येक जातीचे वरून आणि खालून काढलेले फोटो आहेत, शेजारी ठेवून बघता येतात. आणि सप्टेंबरमध्ये देशभर बिग बटरफ्लाय मंथ असतो, तेव्हा आपल्या अंगणातली नोंदही तिथे देता येते.

काल आजीने मला हाक मारली. मोरीजवळ बसली होती, एका पानाकडे बोट दाखवत. म्हणाली, “ह्या मुंग्या बग. तुजी अली हाय बग तितं.”

होती. पान न तोडता दोघींनी बघितली.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या अंगणात, नाहीतर सोसायटीच्या कुंडीत आंबुशी असेल तर उपटायच्या आधी एकदा पान उलटून बघा. भेटू पुढच्या भागात.